फाऊल कुणाचा

"हे कुणी थुंकलं?" विरुपाक्षमास्तरांनी विचारलं.

चुन्याची रेघ अजून ओली होती. दिवस उगवायच्या आधी उठून, सुतळी ताणून, मास्तरांनी एकट्यानं मैदान आखलं होतं, आणि ऐन कोपऱ्यावर पानाची लालभडक पिचकारी पडली होती. मांडव घालायला आलेली गुरुसिद्धप्पा सावकारांची माणसं इकडं-तिकडं बघत उभी राहिली. एकूण एकाचे ओठ लाल होते.

"वाऱ्यानं आली आसंल, मास्तर," त्यातला एकजण म्हणाला.

"वारा पान खातो व्हय?"

तेवढ्यात मदरशाचा, म्हणजे सरकारी शाळेचा, शिपाई गोरोबा चुन्याचं घमेलं घेऊन आला, गुडघ्यावर बसला आणि ती घाण मातीसकट हातानं उचलायला लागला.

"गोरोबा, तू थुंकलास?"

"न्हाय जी. म्या पान खातच न्हाय."

"मग तू का उचलतोस?"

"कुणीतरी उचलाया पायजे न्हवं," गोरोबा म्हणाला, आणि चिमटीत चुना घेऊन रेघ पुन्हा सारखी करू लागला.

मास्तरांच्या पोटात ढवळलं. पिचकारीनं ढवळलं त्याहून जास्त त्या उत्तरानं ढवळलं. पण गोरोबावर चिडावं तरी कसं? तो काही खोटं बोलला नव्हता.

मास्तरांचं हे पोट नळदुर्गात प्रसिद्ध होतं. कुणी धडधडीत खोटं बोललं, कुणी आपलं पाप दुसऱ्याच्या गळ्यात घातलं, की त्यांना खरोखर मळमळायचं. तोंड आंबट करून ते उठून जायचे. त्यांची बायको जगदेवी म्हणायची, "आवो, तुमचं प्वाट हाय का कचेरी? साऱ्या गावाचा निवाडा आत चाललाय." पण मास्तरांचाही इलाज नव्हता. गावच तसं होतं. घागर फुटली तर दोष वाटेतल्या दगडाचा, बैल लंगडला तर लोहाराचा, टपाल हरवलं तर सोलापूरच्या मोटारीचा. 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द म्हणून कुणाची जीभ झडली असती असं नाही, पण म्हणणारा मास्तरांना आजवर भेटला नव्हता. आणि म्हणूनच तो परदेशी खेळ त्यांच्या जिवात जाऊन बसला होता.

जर्मनीची लढाई सुरू व्हायच्या आधी निजाम सरकारनं त्यांना कवायतीचं शिक्षण घ्यायला हैदराबादेला धाडलं होतं. तिथं एका मद्रासी मास्तरांनी त्यांना बास्केटबॉल शिकवला. चेंडू हातात धरून पळायचं नाही, रेषेबाहेर जाऊ द्यायचा नाही, समोरच्याला ढकलायचं, धरायचं, पाडायचं नाही. तसं केलं तर फाऊल. चार फाऊल झाले की गडी बाद, त्यानं मुकाट्यानं मैदानाबाहेर जायचं. हे सगळं ठीक होतं. हुतुतूतही कुणी ना कुणी बाद होतच असतो. पण मद्रासी मास्तर शेवटी म्हणाले, "शिट्टी वाजली की ज्याच्याकडून फाऊल झाला त्यानं आपण होऊन हात वर करायचा. पंचानं बोट दाखवायची पाळी येऊ द्यायची नाही." विरुपाक्षमास्तर त्या दिवशी वसतिगृहात जेवले नाहीत. जगात असाही कायदा असतो, गुन्हेगार स्वतः हात वर करतो, या आनंदानंच त्यांचं पोट भरलं होतं.

नळदुर्गाला परतल्यावर त्यांनी लोहाराकडून बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेची दोन कडी करून घेतली, बाभळीच्या खांबांवर ठोकली आणि मदरशामागच्या मुरमाड जागेवर खेळ सुरू केला. गाव त्याला 'टोपलीचा चेंडू' म्हणायचं. लढाईत रबर मिळेना तेव्हा चेंडूचा फुगा चांभारानं इतक्यांदा सांधला, की चेंडू आता एका अंगाला जड झाला होता आणि फेकला की तिकडंच कलायचा. गडीही असेच गोळा केलेले: दोन मास्तर, एक कारकून, वरच्या वर्गातला एक दांडगा, आणि पाचवा कुणी मिळेना म्हणून गोरोबा.

आणि गोरोबानंच तो खेळ खरा उचलला. तासाचे टोल देणारा, पाणी भरणारा, हेडमास्तरांच्या खोलीबाहेर स्टुलावर बसून डुलक्या काढणारा तो गडी चेंडू हातात आला की निराळाच दिसायचा. मास्तरांना त्याच्या उडीपेक्षा त्याच्या हाताचं कौतुक होतं. कोपर कुणाला नुसतं चाटून गेलं, मास्तरांना दिसलंही नाही, तरी गोरोबा थांबायचा आणि हात वर करायचा. "माझा, मास्तर. जरा लागलं त्येंना." बाकीचे गडी हसायचे. मास्तर शिट्टी वाजवायचे, आणि त्यांच्या पोटात गार वाटायचं.

आजचा सामना मात्र गार वाटण्यासारखा नव्हता. गुरुसिद्धप्पा सावकारांचे चिरंजीव शरणप्पा हैदराबादेच्या कॉलेजातून परतले होते, पांढरे बूट घेऊन. त्यांनी सावकारांच्या कोठीवरचे कारकून जमवून क्लब काढला होता आणि मदरशाला सामन्याचं आव्हान दिलं होतं. बघायला शाळाखात्याचे वरिष्ठ अधिकारी मोहतमीमसाहेब येणार होते. उतरणार होते सावकारांच्या माडीवर, जेवणार सावकारांच्या पंगतीला. आणि विरुपाक्षमास्तर अजून मुन्सरीम होते, म्हणजे हंगामी. वर्षामागून वर्षं अर्ज जात होते आणि दरवर्षी सुट्टी लागली की आपण शाळा उघडताना इथं असू की नाही हे त्यांना ठाऊक नसायचं. कायम करणं मोहतमीमसाहेबांच्या हातात होतं. हेडमास्तरांनी आदल्या दिवशी बोलावून सांगितलं होतं, "विरुपाक्ष, तुमचा कागद साहेबांच्या पेटीत आहे. उद्या तेवढं गोडीनं घ्या."

"पंच गोडीनं कसा घेईल, सर?"

"गोडीनं म्हणजे गोडीनं," हेडमास्तर म्हणाले.

तिसऱ्या प्रहरी साहेब आले. मागं अत्तराचा घमघमाट आणि हारांची टोपली. गुरुसिद्धप्पा स्वतः साहेबांच्या खुर्चीवरची नसलेली धूळ उपरण्यानं झटकत होते. गावातली झाडून सगळी प्रतिष्ठित माणसं सावकाराकडं बघून हसत होती आणि सावकार साहेबाकडं बघून हसत होते. मास्तरांना ते सगळे दात एकाच तोंडातले वाटले. त्यांनी मान फिरवली आणि शिट्टी तोंडात धरली.

खेळ सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही तोच शरणप्पांचं कोपर गोरोबाच्या बरगडीत बसलं. चांगला आवाज झाला. मास्तरांनी शिट्टी वाजवली. शरणप्पा कमरेवर हात ठेवून किल्ल्याच्या बुरुजाकडं बघत राहिले, आणि त्यांच्या मागं उभ्या असलेल्या कोठीवरच्या कारकुनानं झटकन हात वर केला.

"तुमी का हात केला?" मास्तरांनी विचारलं.

"माझाच फाऊल आसंल, मास्तर."

"तुमी तिकडच्या टोकाला होता."

"तिथनंच लागलं आसंल," कारकून म्हणाला आणि मालकाच्या पोराकडं बघून हसला.

लोक हसले. मास्तरांनी तोंडातली आंबट लाळ गिळली आणि बोट शरणप्पांकडं केलं. फाऊल त्यांच्या नावावर गेला. मध्यंतरापर्यंत आणखी दोन गेले: एकदा धोतर धरून ओढलं म्हणून, एकदा पायात पाय घातला म्हणून. तीनही वेळा शरणप्पांचा हात काही वर आला नाही. गोरोबाचेही तीन झाले होते, पण ते तिन्ही त्यानं स्वतःच हात वर करून सांगितलेले होते. त्यातला एक तर मास्तरांनी बघितलाही नव्हता.

मध्यंतरात हेडमास्तर उसाच्या रसाचा पेला घेऊन आले. त्यांच्या मागं स्वतः गुरुसिद्धप्पा.

"मास्तर," सावकार मऊ आवाजात म्हणाले, "त्यो चार फाऊलचा कायदा कुठला म्हनायचा?"

"खेळाचा, मालक."

"खेळाचाच न्हवं? मंग झालं. खेळात काय एवढं. पोरगं साहेबाम्होरं पयल्यांदा खेळतंय. मदीच भाईर बसवलं तर वाईट दिसंल." मग थोडं थांबून ते म्हणाले, "साहेब रातीच्याला जेवाया आमच्याकडं हाईत. तुमचा इषय काढीन म्हनतो."

"बघतो," मास्तर म्हणाले. ते 'बघतो' त्यांच्या स्वतःच्याच कानाला लिबलिबीत लागलं. आजवर हा शब्द त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडी ऐकला होता आणि ऐकून उठून गेले होते. रसाचा पेला त्यांनी तसाच ठेवला. त्यावर माश्या बसल्या.

पुढचा खेळ गोरोबाचा झाला. कललेला चेंडू कुठं कलणार हे त्याला एकट्यालाच कळत होतं. मदरसा पुढं गेला, मग क्लबनं गाठलं, आणि गुण बरोबरीत आले. कडेला बसलेली साधी माणसं, गुराखी, बाजाराला आलेली बायामाणसं, ओरडायला लागली. साहेबही पुढं सरकून बसले. खेळ संपायला थोडा वेळ उरला असताना गोरोबा कड्याखाली उडाला. दोन्ही हात वर, अंग उघडं. शरणप्पा मागून धावत आले आणि त्यांनी दोन्ही तळव्यांनी त्याला ढकललं. लपवण्याचा प्रयत्नसुद्धा नव्हता. गोरोबा बाभळीच्या खांबावर आपटला आणि मुरमावर पडला. गुडघ्याचं कातडं सोलून निघालं.

मास्तरांची शिट्टी इतक्या जोरात वाजली की मांडवातली कुजबूज बंद पडली.

कुणीच हललं नाही. शरणप्पांचा चेहरा पहिल्यांदाच पडला होता. त्यांनाही मोजता येत होतं. हेडमास्तर खुर्चीतून अर्धवट उठले होते. मास्तरांनी बोट उचललं, आणि त्याच वेळी खाली मुरमावर पडलेल्या गोरोबानं हात वर केला.

मास्तरांना आधी वाटलं, उठायला आधार मागतोय. ते जवळ गेले. गोरोबानं हात दिला नाही. पंजा उघडा, बोटं सरळ, शिकवला होता तसा हात वर धरला होता.

"गोरोबा, हात खाली घे."

"माझा फाऊल हाय, मास्तर."

"ढकललं त्यानं. म्या बघितलं."

"माझाच हाय."

मास्तर वाकले. "का रे? काय भ्यालास? त्यो काय करनार हाय तुझं?"

"माझं न्हाय," गोरोबा हळूच म्हणाला. गुडघ्यातून रक्त येत होतं आणि तो ते मातीनं दाबत होता. "बाप त्येंच्याच रानात सालगडी हाय. धाकल्या मालकाला म्या भाईर बसिवलं म्हनल्यावर पाडव्याला त्येला कोन ठिवनार? आन् तुमचं बी कायम व्हायचं हाय न्हवं? हेडमास्तर बोलताना म्या भाईरच होतो, स्टुलावर. एक हातच वर कराया लागतोय, मास्तर. ऱ्हाऊ द्या."

पंचाचा निर्णय शेवटचा असतो. हे मद्रासी मास्तरांनी शिकवलं होतं आणि विरुपाक्षमास्तरांनी पोरांना कित्येकदा सांगितलं होतं. हात कुणीही वर करो, फाऊल ज्याचा त्याच्याच नावावर लावता येतो. मघाशी कारकुनाच्या वेळी त्यांनी तेच केलं होतं. आताही बोट नुसतं डावीकडं वळवायचं होतं. शरणप्पा तिथंच उभे होते, श्वास रोखून. मास्तरांनी मांडवाकडं बघितलं. सावकार हसत नव्हते. साहेब हेडमास्तरांना काहीतरी विचारत होते. घरी जगदेवीनं सकाळी निघताना म्हटलं होतं, "आज तेवढं प्वाट सांभाळा."

"गोरोबा बाद," मास्तर म्हणाले.

मांडवात टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी सावकारांची पडली. गोरोबा लंगडत रेषेबाहेर गेला आणि सवयीनं पाण्याच्या डेऱ्याजवळ जाऊन उभा राहिला. फाऊल त्याचा, म्हणून एक फेक शरणप्पांना मिळाली. ज्यानं ढकललं त्यानंच चेंडू हातात घेतला, नेम धरला आणि फेकला. चेंडू कड्याच्या हातभर बाजूनं गेला. "चेंडूत हवाच न्हाय," शरणप्पा म्हणाले. कोठीवरच्या कारकुनानं पळत जाऊन चेंडू परत आणून दिला. शरणप्पांनी तो पुन्हा फेकला. मास्तरांच्या तोंडात शिट्टी होती. ती वाजली नाही. दुसऱ्यांदा चेंडू कड्यातून पडला आणि मांडव उठून उभा राहिला. तेवढ्या एका गुणानं क्लब जिंकला.

बक्षीस वाटताना साहेब शरणप्पांबद्दल थोडं बोलले आणि मग म्हणाले, "लेकिन मुझे वो चपरासी याद रहेगा. गिरा पड़ा था, फिर भी अपनी गलती आप कबूल की. भई, तालीम इसको कहते हैं. किसने सिखाया उसको?"

साहेब मनापासून बोलत होते. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं आणि त्यांना कुणी काही सांगितलंही नव्हतं. हेडमास्तरांनी विरुपाक्षमास्तरांना दंडाला धरून पुढं आणलं. साहेबांनी त्यांच्या गळ्यात स्वतःच्या गळ्यातला हार घातला. झेंडूच्या हाराला अत्तराचा, घामाचा आणि पानाचा वास येत होता. सावकारांनी गोरोबाला बोलावून सगळ्यांसमोर नवं धोतर दिलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "इमानी हाय गडी." गोरोबानं धोतर कपाळाला लावलं. मास्तर मांडवामागं गेले आणि बाभळीला धरून ओकले. पोटात काही नव्हतंच, नुसतं पित्त पडलं.

कायम केल्याचा हुकूम पाडव्याच्या आत आला. जगदेवीनं गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, केली, शेजारीपाजारी वाटी-वाटी धाडली. मास्तरांनी एक घास घेतला आणि ताट सारलं.

"गोड कमी झालं व्हय?"

"न्हाय. गोडच झालंय."

"मंग?"

"साकु," ते कानडीत म्हणाले. पुरे. जगदेवीनं त्यांच्याकडं बघितलं आणि ताट उचललं. त्यानंतर तिनं त्यांच्या पोटाची थट्टा केली नाही.

गोरोबा मात्र खेळायला आला नाही. मास्तरांनी एकदा बोलावलं, दोनदा बोलावलं. तिसऱ्यांदा त्याच्या स्टुलाशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "आरं, बाद म्हंजे त्या सामन्यापुरता बाद. कायदा हाय तसा."

"ठावं हाय मास्तर," गोरोबा उठून उभा राहत म्हणाला. "गुडघा दुकतोय." बोलताना त्यानं त्यांच्याकडं बघितलं नाही. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि मास्तर तिथून उठून जाऊ शकले नाहीत, कारण ते बसलेले नव्हते आणि शिसारी त्यांना गोरोबाची आली नव्हती.

शाळा पुन्हा भरली तेव्हा हेडमास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी साहेबांचं भाषण पोरांना वाचून दाखवलं. साहेबांनी ते छापून धाडलं होतं. चूक असो, नसो, नम्रतेनं हात वर करावा, असं हेडमास्तरांनी आपल्या पदरचंही एक वाक्य जोडलं. त्याच दुपारी मास्तरांनी लहान वर्ग मैदानावर घेतला. खेळता खेळता एका पोरानं दुसऱ्याला मागून ढकललं. ढकलणारा सावकारांच्या कोठीवरच्या मुनिमाचा मुलगा होता, आणि पडला तो कोष्टीआळीतला एक किडकिडा पोरगा. मास्तरांनी सगळं स्वच्छ बघितलं होतं. त्यांनी शिट्टी वाजवली.

भोवतालच्या सगळ्या पोरांचे हात भराभर वर गेले. माझा मास्तर, माझा मास्तर, अशी चढाओढ लागली. सगळे मास्तरांकडं बघून हसत होते, शाबासकीसाठी. पडलेल्या पोराच्या ओठाला मुरूम चिकटला होता. त्यानंही पडल्या पडल्याच हात वर केला. एकट्या मुनिमाच्या पोराचे हात खिशात होते.

मास्तर शिट्टी तोंडात धरून उभे राहिले. व्हरांड्यात गोरोबा तास द्यायला घंटेपाशी आला होता. त्यानं मैदानाकडं बघितलं, ते वर गेलेले हात बघितले, आणि तास संपायला अजून अवकाश होता तरी त्यानं टोल द्यायला सुरुवात केली.